एकशे आठ पोपटांचं अभयदान

आमच्या घरात मध कधी आला नाही. जैनाच्या घरात तो येत नाही. एका थेंबापायी किती जीव चिरडले जातात हे आम्हाला नीट बोलता येण्याआधीच पाठ झालेलं असतं. पाणी दुहेरी फडक्यातून गाळलेलं, फडक्यात राहिलेले जीव पुन्हा विहिरीत सोडलेले, कांदा-बटाट्याचं नाव नाही, आणि जेवणं दिवस मावळायच्या आत आटोपलेली. चुलीत घालण्याआधी माझी आई एकेक शेणी उलटी करून हलक्या हातानं झटकायची. एखादी मुंगी दिसली तर तिला बोटावर घेऊन परसातल्या कढीलिंबाच्या बुंध्याशी नेऊन सोडायची. त्याच आईनं त्याच चुलीपुढं बसून माझ्या वैनीला काय काय ऐकवलं, ते या प्रकरणात यायचंच आहे. दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत. एक खरी म्हणून दुसरी खोटी असं मला लहानपणी वाटायचं. आता वाटत नाही.

घर निपाणीत, वखारीला लागून. खाली तंबाखूची पोती, वर माडी, मागं परसू आणि विहीर. सकाळी उजाडल्यापासून वखारीत बायका चाळण्या हलवायच्या. त्या चाळण्यांचा सर्रसर्र आवाज आणि मधूनच कुणाची तरी कोरडी शिंक, हेच आमच्या घराचं संगीत. तंबाखूची धूळ भाकरीच्या पिठात उतरू नये म्हणून आई दगडी जात्यावर ओलं फडकं टाकून ठेवायची, तरी आमच्या भाकरीला एक किंचित कडसर चव असायची. ती चव मला लग्नानंतर सासरी गेल्यावर कळली, कारण तिथल्या भाकरीला ती नव्हती. मला इतकं चुकल्यासारखं झालं की दोन दिवस जेवण गेलं नाही.

पद्मावैनी सदलग्याची. तेराव्या वर्षी आमच्या घरी आली. माहेरी कानडी बोलायची सवय, त्यामुळे तिचं मराठी कानडीच्या चालीवर चालायचं आणि आई तिच्या बोलण्याची नक्कल करून शेजारणींना हसवायची. वैनीही हसायची. तिची दोन बाळं गेली होती. पहिलं तीन महिन्यांचं होऊन गेलं, दुसरं बाराव्या दिवशी, पाळण्याची तयारी चालू असताना. दुसऱ्या वेळी आईनं पाळण्याला बांधलेली खेळणी सोडवून तिच्या पुढ्यात टाकली आणि म्हणाली, "घे, खेळ आता तूच." मी तिथं उभी होते. वैनीनं ती खेळणी उचलली, पुसली आणि फळीवर ठेवली. दादा, म्हणजे माझा भाऊ, तेव्हा दुकानात होता; तो अशा वेळी नेहमीच दुकानात असायचा.

तिला तिसऱ्यांदा दिवस गेले तेव्हा ती सतरा वर्षांची होती आणि मी बारा. अण्णांनी, माझ्या वडिलांनी, बस्तीत जाऊन संकल्प सोडला. बस्ती म्हणजे आमचं देऊळ. फाल्गुनात अष्टान्हिकेचे आठ दिवस व्रताचे असतात. त्यांतल्या शेवटच्या दिवशी, पुनवेला, एकशे आठ पाखरांना अभयदान द्यायचं, त्यांना पिंजऱ्यातून सोडवायचं आणि त्या पुण्यावर हे बाळ टिकू द्यायचं. अण्णा हळू बोलणारे, कुणाला लागेल असं न बोलणारे गृहस्थ. गाडीवानानं बैलाला चाबूक मारला तर ते गाडीतून उतरून चालत यायचे. घरी येऊन त्यांनी तो संकल्प सांगितला. वैनी दाराआड उभी राहून ऐकत होती. सासऱ्यापुढं ती कधी बोलायची नाही, पण त्या दिवशी तिनं दाराआडूनच जमिनीला डोकं टेकवलं.

आता एकशे आठ पाखरं धरून आणायची कुणी? खानापूरच्या रानातून भरमा नावाचा एक माणूस दरवर्षी निपाणीच्या बाजारात मैना-पोपट विकायला यायचा. काटकुळा, चाळिशीचा, हातांवर चिकाचे काळे डाग. अण्णांनी त्याला राघू सांगितले तेव्हा तो हसला. "एकशे आठ राघू म्हंजे गाडी लागंल, अण्णा. त्यापरास लटकी पाखरं देतो. चिमनीएवढी असत्यात, एका टोपलीत शंभर बसत्यात. पोपटच हाय की त्यो बी." अण्णांनी बस्तीतल्या उपाध्यांना विचारलं. उपाध्ये म्हणाले, जीव तो जीव, त्यात लहान-मोठा नसतो. झालं.

ती पाखरं खानापूरहून आगगाडीनं बेळगावला आणि तिथून सर्व्हिस मोटारीच्या टपावरून निपाणीला आली. पुनवेला बारा-तेरा दिवस होते. बांबूची चपटी, रुंद टोपली, वर विणलेलं झाकण, त्यावर ओलं पोतं. भरमानं माडीवर नेऊन पोतं काढलं आणि मला आधी काही दिसलंच नाही. टोपलीच्या तळाशी पाखरू नव्हतं. मग त्यानं झाकण जरासं उचललं आणि दिसलं, की सगळी झाकणाला आतून लटकलेली आहेत, पायांनी धरून, डोकं खाली, एकमेकांना चिकटून, जसा एखादा हिरवा घोस. हिरवा असा की कोवळ्या भाताची आठवण यावी. चोच लाल. पाठीवरून शेपटीपर्यंत लालभडक, जणू कुणी कुंकवाची पिंजर सांडली. शेपूट अगदी आखूड, म्हणून ते पाखरू पुरं न झाल्यासारखं दिसे. आई वर आली, तिनं पाहिलं आणि पदर तोंडाला लावला. "वटवागळासारखी उलटी लटकत्यात की गं बाई! ज्या घरात पोर टिकंना, तितं असलं उलटं कशाला आनलं?" मग तिनं वैनीकडं पाहिलं. "तूच बघ त्यांच्याकडं. तुझ्यासाठीच आल्यात."

म्हणून ते बारा दिवस वैनीनं आणि मी माडीवर काढले. मी पुढे शाळेत शिकवलं, विज्ञानाची पुस्तकं वाचली, पण एखाद्या प्राण्याकडं इतकं लक्ष देऊन मी पुन्हा कधी पाहिलं नाही.

पहिल्या दिवशी आम्ही ज्वारी टाकली. पोपट धान्य खातो हे कुणाला ठाऊक नाही? यांनी शिवलंसुद्धा नाही. डाळ भिजवून टाकली, शेंगदाणे कुटून टाकले. दुसऱ्या दिवशी सकाळी चौदा मेलेली होती. त्यांतली काही मेल्यावरही लटकत होती, पायांची पकड सुटली नव्हती. वैनीनं एकेक बोट उलगडून ती काढली. आई जिन्यातूनच म्हणाली, "हात लावला की मरतंय. हातच तसला." तिसऱ्या दिवशी आणखी बावीस. भरमाला निरोप गेला, तो दुसरी टोपली घेऊन आला. एकशे आठ भरायला हवे होते ना.

उपाय वैनीला सापडला. भरमाच्या टोपलीत तळाशी एक पांगाऱ्याचं फूल पडलं होतं, सुकून काळं पडलेलं. एका पाखरानं झाकणावरून चोचीनं आणि पायांनी धरत-धरत, माणूस शिडी उतरतो तसं उलटं खाली येऊन ते फूल उचललं आणि त्याचा देठ चोचीत धरून चोखत राहिलं. वैनी बराच वेळ पाहत राहिली. मग मला म्हणाली, "वन्सं, ही दानं खानारी न्हाईत. ही गोड पिनारी हाईत." मध असता तर काम झालं असतं. मध नव्हताच. तिनं गूळ पातळ केला, गाळला, त्यात केळं कुस्करलं आणि करवंट्यांत भरून टोपलीच्या झाकणालाच बांधलं, कारण खाली ठेवलेल्याकडं बाकीची जातच नव्हती. थोड्या वेळात सगळ्या करवंट्यांभोवती हिरवी डोकी. जिभा इवल्याशा, भराभर चालणाऱ्या. पिऊन झालं की चोच बांबूवर दोन्ही बाजूंनी घासायची आणि पुन्हा उलटं व्हायचं. त्या दिवसापासून मरणं कमी झालं, थांबलं नाही.

मग आम्हाला एकेक गोष्ट दिसू लागली. नराच्या गळ्यावर निळा ठिपका असतो, मादीच्या नसतो. डोळ्याचं कडं पिवळट पांढरं. चालताना चोच हा तिसरा पाय. चीची असा बारीक, टोचणारा आवाज, आणि तो एकानं काढला की सगळी काढत. दिवेलागणीला एकदम शांत व्हायची, अंग फुगवायची, डोकं मागं पाठीत खुपसायची आणि तशीच उलटी झोपायची. माझी नात मला परवा तिच्या पुस्तकातलं या पोपटाचं चित्र दाखवत होती. रंग हुबेहूब आहेत, पण चित्रकारानं त्याला फांदीवर सरळ बसवलाय. मी तिला म्हटलं, पुस्तक उलटं धर, मग बरोबर आहे.

सहाव्या-सातव्या दिवशी वैनीनं टोपलीत सावली व्हावी म्हणून केळीचं पान टाकलं. दुपारी पाहतो तर माद्या त्या पानाच्या कडा चोचीनं कातरत होत्या, अगदी सुईदोऱ्यासारख्या अरुंद, लांब पट्ट्या. आणि प्रत्येक पट्टी मान मागं वळवून पाठीवरच्या त्या लाल पिसांत खोवत होत्या. एक खोवली की दुसरी. काही पडत, त्या पुन्हा उचलत. मी हसले, मला वाटलं नटतायत. वैनी हसली नाही. संध्याकाळी भरमा नवी पाखरं घेऊन आला तेव्हा तिनं त्याला विचारलं, "त्या पाटीवरच्या पिसांत पानं का घालत्यात?"

"घरटं करायला नेत्यात तसं. तोंडात न्हाय नेत, पाटीवरच्या पिसांत खोवून नेत्यात. झाडाच्या ढोलीत पसरत्यात आन् वर अंडी घालत्यात. ह्योच म्हयना त्यांचा."

"म्हंजे ही अंडी टाकून आल्यात?"

"काई अंडी टाकून, काई पिलं टाकून," भरमा बिडी विझवत म्हणाला. "पांगारा फुलला की एका झाडाव शंभर येत्यात. तवाच घावत्यात. आदी-मागं कुटं घावायची?"

"आन् ती पिलं?"

भरमानं तिच्या पोटाकडं पाहिलं आणि उत्तर दिलं नाही. ते त्याचं भलेपण होतं, हे मला आज कळतं. वैनी भिंतीला टेकून खाली बसली. तिला आठवा लागत होता.

पाखरं कशी धरतात हेही त्यानं आम्हाला सांगितलं. मीच विचारलं होतं, आणि मला ते ऐकायला आवडलं होतं, हे कबूल करते. फणसाचा चीक तेलात कढवायचा, काड्यांना फासायचा, काड्या पांगाऱ्याच्या फुलांत खोवायच्या. खाली एक धरलेलं पाखरू बांधायचं, बाकीच्यांना हाक मारायला. ते पाखरू त्यानं आम्हाला दाखवलं. लहानशा वेगळ्या पिंजरीत होतं. त्याच्या पापण्या दोऱ्यानं शिवलेल्या होत्या. "दिसाय लागलं की धडपडतंय," तो म्हणाला, "दिसंना की नुस्तं वरडतंय." मी पिंजरीपाशी तोंड नेऊन चीची केलं आणि त्या पाखरानं मला उत्तर दिलं. मी पुन्हा केलं, त्यानं पुन्हा दिलं. वैनीनं माझा दंड धरून मला मागं ओढलं.

पुनवेला तीन दिवस उरले असताना एक पाखरू वैनीच्या हातून सुटून माडीच्या फरशीवर पडलं. पडलं म्हणजे धोंड्यासारखं पडलं. उडायला गेलं आणि एका अंगावर गरगर फिरलं. वैनीनं ते उचललं, पंख बोटांनी उलगडला. उजव्या पंखाची लांब पिसं मुळाशी सरळ कातरलेली. तिनं दुसरं काढलं, तिसरं काढलं. सगळ्यांची तशीच. वरच्या बारीक पिसांनी झाकलं जात होतं, म्हणून इतके दिवस कळलं नव्हतं. भरमा खाली अंगणात होता. वैनीनं मला पाठवून त्याला वर बोलावलं.

"ह्ये तू केलंस?"

"मग काय! न कापता आनली तर टोपलीत डोस्की आपटून मरत्यात."

"पर मामंजी ती सोडनार हाईत. ती उडनार कशी?"

भरमा खरोखरच गोंधळला. "अण्णांनी सोडायची म्हनून सांगितलं, बाई. उडवायची म्हनून कोन म्हनालं?"

तो गेल्यावर वैनी माझ्यापुढं बसली. "वन्सं, मला त्यांच्यापुढं बोलता येत न्हाय. तुमी सांगा. लेकीचं ऐकत्यात ते. म्हनावं, औंदा सोडू नका. पिसं येईस्तवर मी सांबाळते, गूळ-केळं घालते. बाळ झाल्यावर सोडू. सांगाल न्हवं?"

"सांगते की," मी म्हटलं, आणि खरंच सांगायला दुकानात गेले.

अण्णा गादीवर बसले होते. मला बघून त्यांनी शेजारचं पुडकं पुढं केलं. आत परकराचं रेशीम होतं, वांगी रंगाचं, हिरव्या काठाचं. "पुनवेला हे नेसायचं," ते म्हणाले. "आन् टोपलीचं झाकन तूच उगडायचं. कुमारिकेच्या हातनं सोडल्यालं चांगलं, असं उपाध्ये म्हनत्यात." मी ते रेशीम गालाला लावलं. गावातल्या सगळ्या मुली बस्तीत येणार होत्या. सोडणं पुढं ढकललं असतं तर ते झाकण कुणी उघडलं असतं? वैनीला बाळ झाल्यावर सोहळा तिचा झाला असता, माझा नाही. हा विचार मी शब्दांत केला नव्हता, पण केला होता. मी घरी आले. वैनीनं डोळ्यांनी विचारलं. मी मान हलवली. ती मान होकाराची होती, सांगितलं म्हणून.

पुनवेच्या सकाळी बस्तीचं अंगण भरलं होतं. वैनीला त्या अवस्थेत गर्दीत यायला आईनं मना केलं होतं. तरी ती आली आणि मागच्या दाराशी उभी राहिली. अण्णांनी पांढरं धोतर नेसलं होतं, उपवासानं त्यांचा चेहरा उतरला होता आणि त्यामुळं तो फार सुंदर दिसत होता. उपाध्यांनी मंत्र म्हटले. मी वांगी रंगाचा परकर सावरत पुढं गेले आणि झाकण उचललं.

एकही पाखरू बाहेर आलं नाही. सगळी झाकणाला लटकलेली, मी झाकण धरलेलं, म्हणजे ती सगळी माझ्या हातात लटकत होती. लोक हसले. अण्णा पुढं झाले, त्यांनी झाकण घेऊन हलकंसं झटकलं, आई शेणी झटकायची तसंच. पाखरं पिकल्या उंबरासारखी टपाटपा फरशीवर पडली. आणि गरगर फिरू लागली. शंभर हिरवी पाखरं, एका अंगावर, गोल गोल, चीची करत. अण्णांना कळेना. "घाबरल्यात," ते म्हणाले. "वर टाका रं, वाऱ्याला लागली की उडतील." लोकांनी ती उचलून वर टाकायला सुरुवात केली. पुरुषभर उंच जायची आणि तिरकी होऊन खाली आपटायची. पुन्हा उचलायची, आणखी जोरानं टाकायची. पोरांना तो खेळ झाला. मीही टाकली. मला ठाऊक होतं ती उडणार नाहीत, तरी मी टाकली, कारण सगळे टाकत होते आणि मी न टाकणं दिसलं असतं. एकानं माझं बोट चोचीत घट्ट धरलं, सोडेना. मी हात झटकला. ते बस्तीच्या पायरीवर पडलं आणि पुन्हा हललं नाही.

भिंतीवर कावळे जमले होते. मग घारी आल्या. बायका ओरडत पदरानं त्यांना हाकलू लागल्या, उपाध्ये मंत्र आणखी मोठ्यानं म्हणू लागले. दहा-बारा पाखरं चोचीनं आणि पायांनी धरत अंगणातल्या पिंपळावर चढली. बुंध्यावरून ती हिरवी रांग वर सरकताना मला दिसली. ती तेवढी वाचली असं सगळे म्हणाले. दुसऱ्या दिवशी पिंपळाखाली पिसं होती.

अण्णांनी एक पाखरू उचललं होतं. त्यांनी त्याचा पंख उलगडून पाहिला. घरी आल्यावर ओसरीवर बसून त्यांनी विचारलं, "ही पिसं कापली कुनी?" भरमा आदल्या दिवशीच आपली बिदागी घेऊन गेला होता. आई म्हणाली, "माडीव बारा दिवस कोन हुतं? आन् कातर कुनाजवळ असती?" कातर वैनीजवळ असायची, बाळाची अंगडी ती गुपचूप शिवायची. आईनं ती आणून ओसरीवर टाकली. "सवताची टिकंनात, मग दुसऱ्याची बरी टिकू देईल!"

तेव्हा वैनी दाराआडून बाहेर आली. सासऱ्यापुढं ती आयुष्यात पहिल्यांदा बोलली. "मी न्हाय कापली, मामंजी. भरमानं कापली. वन्संना ठाव हाय."

सगळ्यांनी माझ्याकडं पाहिलं. अण्णांनी पाहिलं. हो म्हटलं असतं तर पुढचा प्रश्न होता: मग सांगितलं का नाहीस? अण्णांनी मला कधी मारलं नव्हतं. मारणारा बाप असता तर मी कदाचित खरं बोलले असते. त्यांच्या डोळ्यांत मी जी होते ती मला राहायचं होतं. मी म्हटलं, "मला ठाऊक न्हाय."

वैनी माझ्याकडं बघत राहिली. तिनं दुसऱ्यांदा सांगितलं नाही.

तिसऱ्या दिवशी तिला सदलग्याला पाठवलं. आठव्या महिन्यात माहेरी निघालेल्या सुनेची ओटी भरतात. आईनं भरली नाही. दादा गाडीबरोबर गेला नाही. गाडी वखारीवरून जाताना चाळण्या थांबल्या, बायका दारात आल्या, मग पुन्हा चाळण्या सुरू झाल्या. उपाध्यांनी अण्णांची समजूत घातली, "आपन सोडली. म्होरं त्यांचं कर्म." अण्णांनी मान डोलावली, पण त्या वर्षी त्यांनी गोड सोडलं.

आणि बाळ टिकलं. मुलगा झाला, चांगला दणकट, आवाजाचा. सव्वा महिना झाला, तीन महिने झाले, टिकला. गावानं म्हटलं, संकल्प फळला. आई स्वतः सदलग्याला जाऊन नातवाला घेऊन आली. दूध लागतं म्हणून सुनेलाही आणलं. पुढच्या फाल्गुनात भरमा आला तेव्हा अण्णांनी त्याला ओसरीवरच विचारलं आणि त्यानं काही न लपवता सांगितलं, "मीच की. दुसरं कोन कापनार?" आई तिथंच तूर निवडत होती. तिचे हात क्षणभर थांबले आणि पुन्हा चालू झाले. अण्णा उठून आत गेले. वैनीला कुणी काही म्हटलं नाही. संकल्प फळला म्हणून अभयदान आता दरवर्षीचं झालं होतं; त्या वर्षापासून पिसं न कापता पाखरं आणायची, एवढंच ठरलं. ती बस्तीवरून उडाली, छपरांवर एक फेरी मारली आणि तंबाखूच्या रानांवरून दिसेनाशी झाली. आमच्याकडं तेव्हा पांगारा नव्हता, रान नव्हतं, मैलोगणती तंबाखू. ती कुठं गेली हे कुणी विचारलं नाही. दरवर्षी एकशे आठ.

माझं लग्न पंधराव्या वर्षी झालं. हळदीच्या आदल्या दिवशी वैनी माझी वेणी घालत होती. मुलगा तिच्या पाठीला रेलून उभा होता. तीन वर्षांत आमच्यात त्या दिवसाविषयी एक शब्द झाला नव्हता. ती माझ्याशी नीट बोलायची, जेवायला वाढायची, आजारी पडले तर उशाशी बसायची. मला ते सहन होत नव्हतं. मी आरशात न बघता म्हटलं, "वैनी, त्या दिवशी मी खोटं बोलले."

"ठाव हाय मला."

"अण्णांना आधीच सांगितलं असतं, तर ती पाखरं..."

"मेलीच असती," ती म्हणाली. "पिसं यायला लई दिस लागत्यात. तवर टोपलीतच गेली असती. मी गूळ किती दिस घातला असता?" तिचे हात चालूच होते. "पाखरांचं जाऊ द्या. मला खोटं ठरवलंसा, त्याचं सांगा."

ती मला पहिल्यांदाच असं बोलत होती. मी रडायला लागले. म्हटलं, "मी बारा वर्षांची होते, वैनी."

"व्हय. सगळी तसंच म्हनत्यात. वन्सं लहान हुत्या." तिनं पुढचा पेड घातला. "आन् मी सतराची हुते. ते कुनी म्हनलं न्हाय."

मग तिनं वेणीचा शेवटचा पेड ओढला, इतका घट्ट की कपाळाची कातडी ताणली गेली आणि डोळ्यांपुढं काजवे आले. मी ओरडले नाही. तिनं गाठ मारली, माझं तोंड आपल्याकडं वळवलं, पदरानं माझे डोळे पुसले आणि मुलाला कडेवर घेऊन भाकरी टाकायला गेली.